शंका झाकणारे, शंका विकणारे

नमस्कार. विज्ञानावरच्या अविश्वासाबद्दलच्या माझ्या लेखावर इतकी तिखट आणि सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, तेव्हा उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: विज्ञानावरचा अविश्वास राजकारण्यांनी पेरला असं म्हणणं म्हणजे लोकांना मूर्ख ठरवणं, टस्कीगीसारखे प्रकार झाल्यावर कुणी विश्वास ठेवावाच का, शास्त्रज्ञ सारखे मत बदलतात आणि पैशाने विकतही मिळतात, आणि मी झोडपतो ते फक्त उजव्यांना.

टस्कीगीबद्दल वाद नाहीच. अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसेवेने १९३२ ते १९७२ एवढा काळ उपदंश (सिफिलिस) झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवलं आणि नुसतं बघत राहिली. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही ते दिलं नाही. हे थांबलं तेही कुठल्या शास्त्रीय परिषदेमुळे नव्हे, तर त्याच खात्यातल्या एका माजी कर्मचाऱ्याने बातमी फोडली म्हणून. त्या घरांतली माणसं आजही डॉक्टरकडे संशयाने बघत असतील, तर त्यांना अडाणी म्हणण्याची माझी छाती नाही. पण भोगून आलेला संशय आणि कुणीतरी आपल्या सोयीसाठी तयार करून हातात दिलेला संशय तुम्ही एकाच तागडीत टाकता, तिथे माझं तुमच्याशी जमत नाही.

ब्रिटनमधलं ‘मॅड काऊ’ प्रकरण बघा. फेब्रुवारी १९८९ मध्ये सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांच्या साउथवुड समितीचा अहवाल आला. गाईंचा हा रोग माणसाला होण्याचा धोका फार कमी वाटतो, असं त्यात होतं. आणि त्याच अहवालात हेही होतं की आमचा हा अंदाज चुकला, तर परिणाम अत्यंत गंभीर असतील. सरकारने पहिला भाग तोंडपाठ केला, दुसरा गिळला. मे १९९० मध्ये कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीच्या तोंडापुढे गोमांसाचा बर्गर धरला आणि स्वतःही मोठा घास घेऊन दाखवला. २० मार्च १९९६ ला त्याच पक्षाच्या सरकारला संसदेत सांगावं लागलं की माणसांत दिसलेल्या नव्या मेंदूविकाराचा संबंध बहुधा याच रोगाशी आहे. त्या विकाराने ब्रिटनमध्ये १७५ हून जास्त माणसं गेली. समितीचा अंदाज चुकलाच, ते नाकारत नाही. पण चुकू शकतो हे तिने आधी लिहून ठेवलं होतं. तेवढंच नेमकं लोकांपर्यंत पोचू दिलं नाही. बर्गर मंत्र्याने खाल्ला आणि पत गेली ती शास्त्रज्ञांची.

सिगारेट कंपन्यांनी याच्या बरोबर उलटं केलं. जानेवारी १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ४०० हून जास्त वर्तमानपत्रांत त्यांनी पानभर निवेदन दिलं. सूर असा, की सिगारेटमुळे कर्करोग होतो हे अजून सिद्ध झालेलं नाही, आम्ही संशोधनाला मदत करू, तुमचं आरोग्य आम्हाला सर्वांत महत्त्वाचं. पुढे १९६९ सालच्या ब्राउन अँड विल्यमसन कंपनीच्या अंतर्गत टिपणात तर सरळच लिहिलंय की शंका हाच आपला माल आहे. कुठल्याही संशोधनात थोडी अनिश्चितता उरतेच. मंत्र्यांना लोकांना शांत ठेवायचं होतं, म्हणून त्यांनी ती झाकली. कंपन्यांना वेळ काढायचा होता, म्हणून त्यांनी ती फुगवली. शास्त्रज्ञ सारखे मत बदलतात, हा तुमचा आक्षेप बराचसा इथून येतो, असं माझं मत आहे.

उजवे-डावे हा मुद्दा दोन ओळींत संपतो. आनुवंशशास्त्र धुडकावणारा सोव्हिएत कृषितज्ज्ञ लिसेन्को कुणाचा होता? स्टालिनचा. १९४८ मध्ये सोव्हिएत संघात आनुवंशशास्त्रावर अधिकृत बंदीच आली, आणि त्याआधी १९४३ मध्येच लिसेन्कोला विरोध करणारा निकोलाय वाविलोव्हसारखा वनस्पतिशास्त्रज्ञ सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने मेला होता. तिथे झेंडा लाल होता. सत्तेला निष्कर्ष परवडला नाही की रंगाने काही फरक पडत नाही.

आता तुमचा शेवटचा परिच्छेद. त्यात तुम्ही अँड्र्यू वेकफिल्डना ‘व्यवस्थेने चिरडलेला प्रामाणिक डॉक्टर’ म्हटलंय. गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा संबंध ऑटिझमशी (स्वमग्नतेशी) जोडणारा त्यांचा निबंध १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, तो १२ मुलांवर बेतलेला होता, आणि २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला. लसउत्पादकांवर दावा लावणाऱ्या वकिलाकडून त्यांना ४ लाख पौंडांहून जास्त रक्कम मिळाली होती, आणि निबंध येण्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी गोवराच्या वेगळ्या लशीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. हे उकरून काढलं एका पत्रकाराने. पैसा कुठून आला ते आधी बघा, हा निकष तुमचाच आहे आणि मला तो पूर्ण मान्य आहे. तो या डॉक्टरांना लावून बघा आणि काय हाती लागतं ते लिहा. तुमची पुढची प्रतिक्रियाही न कापता छापेन.