नाताळ आणि एक घमेलं

आमच्या सोसायटीत पाणी सकाळी अकराला सोडतात, तेही अर्धा तास. वसईकरांना यातलं दुःख वेगळं सांगायला नको. अकराला मी चर्चगेटच्या ऑफिसात चहाची वाट बघत असते, नवरा अंधेरीला आणि मुलगा कॉलेजात किंवा कॉलेजच्या आसपास. तरीही गेल्या नऊ वर्षांत आमचं पिंप एकदाही कोरडं राहिलेलं नाही, कारण आमच्या घराची जादा चावी समोरच्या आंटींच्या फ्रिजवर, मदर मेरीच्या पायाशी असते. आंटी येतात, पिंप भरतात, बादल्या भरतात, पातेली भरतात. एकदा तर त्यांनी माझा जेवणाचा डबासुद्धा पाण्याने भरून ठेवला होता. "उघडा दिसला, म्हटलं असू दे."

गेल्या पावसाळ्यात मी नळ सुरू ठेवून विरार लोकल गाठली. आंटींनी नळ बंद केला, फरशी पुसली आणि खालच्या मजल्यावरचे काका छताकडे बोट दाखवत वर आले तेव्हा त्यांना शांतपणे सांगितलं, "पाऊस बघा ना केवढा आहे." माझ्यासाठी खोटं बोलल्या बिचाऱ्या. त्या रविवारी त्या नेहमीपेक्षा लवकर चर्चला गेल्या, ते याच हिशेबापायी असणार अशी माझी खात्री आहे.

तर अशा बाईला नाताळला काय द्यायचं?

दिवाळीत सोपं असतं. फराळाचं ताट गेलं की काम झालं. फक्त आमचा फराळ दादरहून येतो आणि मी तो घरच्या स्टीलच्या डब्यात घालून, वर थोडा चिवडा मुद्दाम सांडून पाठवते. आंटी चकली तोंडात टाकतात आणि विचारतात, "भाजणी कशी केलीस, बाय?" मी म्हणते, "अंदाजाने." त्या हसतात. त्यांना सगळं कळतं.

खरी पंचाईत डिसेंबरात. आंटींचं ताट येतं ते सगळं घरचं. कलकल, नेवऱ्या, पेरूचं पेराद, ढवळता ढवळता खांदा निखळेल असा दोदोल, आणि महिनाभर आधीपासून रममध्ये भिजलेल्या सुक्या मेव्याचा केक. उन्हाळ्यात बीअरच्या बाटल्यांत ठासून भरलेला त्यांचा बॉटल मसाला येतो तो वेगळाच. शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे मला आईने चालायच्या आधी शिकवलं होतं. पण या ताटाच्या बदल्यात काय घालणार? साखर?

पहिल्या वर्षी मी केक नेला. नावाजलेल्या बेकरीतला, वर लाल चेरी असलेला. आंटींनी तुकडा खाल्ला आणि म्हणाल्या, "मऊ आहे." कुणाचा मुलगा तीन विषयांत नापास झाला की आपण 'अक्षर छान आहे' म्हणतो ना, तसं. दुसऱ्या वर्षी सुगंधी मेणबत्ती नेली, लॅव्हेंडरची, काचेच्या ग्लासातली. मे महिन्यात एका रात्री लाइट गेली. आम्ही अंधारात टॉर्च शोधत असताना दारावर टकटक झाली. आंटी. हातात माझीच मेणबत्ती. "घे, तुझ्याकडे नसेल." त्या रात्री आम्ही लॅव्हेंडरच्या वासात पिठलं-भात जेवलो.

यंदा मात्र ठरवलं, विचारपूर्वक द्यायचं. नवऱ्याची मदत मागितली, ही पहिली चूक. त्याला शब्दांच्या व्युत्पत्तीचं व्यसन आहे.

"काजूचा छान डबा देऊ या?"

"काजू पोर्तुगीजांनी आणला. शब्दही त्यांचाच. त्यांचंच त्यांना देणार?"

"मग अननसाची बर्फी?"

"अननस? तोही तिकडूनच."

"हाताने केलेले साबण मिळतात हल्ली."

"साबांव. पोर्तुगीज." वर्तमानपत्र खाली न घेता तो म्हणाला. "चावी, फीत, बटाटा, पाव, सगळं. अगं, नाताळ हा शब्दसुद्धा त्यांचाच." आंटी सातपिढ्यांच्या वसईकर, घरात मराठीच बोलणाऱ्या. पोर्तुगीजांचा हिशेब त्यांच्या खात्यावर का, असं मी विचारलं. त्याने पान उलटलं.

ऑफिस सुटल्यावर क्रॉफर्ड मार्केटला गेले. तिथे डिसेंबरात पाय ठेवायला जागा नसते. प्लास्टिकची सूचिपर्णी झाडं, कापसाचा बर्फ, आणि पट्टा ओढला की कंबर हलवणारा सांताक्लॉज. हा सांता मला फार आवडला, पण आंटींच्या हॉलमध्ये अंकलच्या हार घातलेल्या फोटोखाली तो कंबर हलवतोय, हे दृश्य डोळ्यांपुढे आलं आणि हात मागे घेतला. चिनी मातीचे कप बघितले. आंटींकडे डझनांनी आहेत, आणि ते सगळे कुणी ना कुणी दिलेले. शाल? शाल घेतली की मागोमाग श्रीफळ आठवतं आणि मग भाषण करावंसं वाटतं. शेवटी एक छोटी पितळी घंटा घेऊन घरी आले. झाडाला टांगायला बरी, म्हटलं.

ती घंटा देण्याची हिंमत झाली नाही. कारण माझं माहेर नाशिक, आणि आंटींना ते माहीत आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा इथल्या चर्चच्या बऱ्याच घंटा मराठे घेऊन गेले. त्यातलीच एक आमच्या पंचवटीत नारोशंकराच्या देवळावर आहे, १७२१ साल कोरलेली. मी इथे राहायला आले आणि नाशिकची म्हणून ओळख करून दिली, तेव्हा आंटींचं पहिलं वाक्य होतं, "अच्छा! म्हणजे आमची घंटा तुमच्याकडे." आता त्यांच्या हातावर चार इंचांची पितळी घंटा ठेवायची म्हणजे पावणेतीनशे वर्षांच्या कर्जाचा पहिला हप्ता भरल्यासारखं झालं असतं. ती घंटा आमच्या देवघरात गेली.

मग एका रविवारी जिन्यात आंटी भेटल्या. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या. सहज बोलता बोलता म्हणाल्या, "यंदा गोठ्यातलं गवत नाही बाय. गच्चीवर चढवत नाही. गुडघा."

नाताळच्या गोठ्यात बाळ येशू, मरिया, योसेफ, मेंढ्या आणि उंटावरचे तीन राजे मांडतात. त्यांच्या खाली जी हिरवी कुरणं दिसतात, ती नाचणी पेरून उगवलेली असतात. आंटी दरवर्षी गच्चीवर घमेल्यात पेरत आल्या होत्या. मी जिन्यातच थांबले. नऊ वर्षं मी दुकानांत शोधत होते, आणि वस्तू निघाली वीस रुपयांची नाचणी.

"आंटी, तुमचं घमेलं द्याल का? कुंडीखाली ठेवायला हवंय," मी म्हणाले. माझ्या आयुष्यातलं त्यातल्या त्यात बरं खोटं. नवरा आतून ओरडला, "घमेलं! तेही पोर्तुगीज!"

योगायोगाने सासूबाई आलेल्या होत्या. साताऱ्याची थंडी सोसत नाही म्हणून डिसेंबर त्या आमच्याकडे काढतात. पन्नास वर्षं नवरात्रात घट बसवणारी बाई. धान्य उगवायचं म्हटल्यावर त्यांनी पदर खोचला. थोडा वेळ त्या घमेल्याकडे बघत राहिल्या. "घटासारखं पेरायचं आणि त्यांच्या देवापुढे ठेवायचं, चालेल का गं?" मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात त्यांनीच निकाल दिला. "बाळाच्या पायाखालीच जायचंय ना? मग चालतंय."

१० तारखेला माती घातली, नाचणी पेरली, पाणी शिंपडलं आणि सासूबाईंनी सवयीने घमेलं देवघराच्या कोपऱ्यात ठेवून दिलं. सहाव्या दिवशी कोंब वर आले. पिवळे. घटाचे कोंब अंधारात असेच पिवळे येतात आणि तिथे ते शोभतात. पण बेथलेहेमच्या गोठ्याखाली हे अंथरलं असतं, तर टँकर मागवायची वेळ आली असती. घमेलं उचललं आणि गॅलरीत उन्हाला ठेवलं. दोन दिवसांत हिरवं झालं. तिसऱ्या दिवशी कबुतरांना कळलं. मग जुनी मच्छरदाणी काढली, आणि कामावरून आल्यावर मी कबुतरांना हाकलत होते, सासूबाई मला सूचना देत होत्या आणि मुलगा आमच्या दोघींचा व्हिडिओ काढत होता.

२३ तारखेला घमेलं घेऊन समोरची बेल दाबली. आंटींनी बघितलं. काही बोलल्या नाहीत. चश्मा काढून पुसला, परत लावला आणि गवतावरून तळवा फिरवला. मग त्यांचा हात मध्येच थांबला.

"यात गहू आहे?"

मी मागे वळून बघितलं. सासूबाई आमच्या दारात उभ्या होत्या. "नाचणी फार हळू येते," त्या म्हणाल्या. "मूठभर गहू टाकला. घटात चालतो."

गहू चांगला वीतभर वाढला होता. त्या संध्याकाळी गोठा मांडला, तेव्हा मेंढ्या दिसेनात. एका राजाचा उंट मानेपर्यंत बुडाला, मेंढपाळाची फक्त काठी वर. आंटी, सासूबाई आणि मी, तिघी शिवणाच्या कात्र्या घेऊन गुडघ्यांवर बसलो आणि रात्री साडेनऊपर्यंत बेथलेहेमची कापणी केली. आंटींचा गुडघा त्या वेळी अजिबात दुखत नव्हता. अधूनमधून त्या 'डोंगर थोडा उंच राहू दे' अशा सूचना देत होत्या, सासूबाई 'उंटाला चरायला ठेवा' म्हणत होत्या.

६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला, गोठा आवरला गेला. काल ऑफिसमधून आले, तर पिंप भरलेलं होतं आणि ओट्यावर आंटींचं घमेलं. धुतलेलं, पुसलेलं, त्यावर कागद झाकलेला. कागदाखाली काठोकाठ कलकल. सोबत निरोप सासूबाईंनी सांगितला. पुढच्या वर्षी पेरायचंय, म्हणून घमेलं तिच्याकडेच राहू दे.

म्हणजे ते मला परत करायचं आहे की नाही, हेच कळत नाही. सासूबाई म्हणतात, भांडं दुसऱ्याचं आहे, रिकामं जाता कामा नये. घमेल्यात मावेल एवढं काय घालावं, याचा विचार मी आज सकाळपासून लोकलमध्ये उभ्याने करते आहे. नवऱ्याने काजू सुचवलेत.