‘विंडोज उडवलं आणि वर पैसे घेतले’ : एक स्टार देणाऱ्या साहेबांना आमचं उत्तर

साहेब, नमस्कार. आधी कामाचं सांगतो. विंडोजऐवजी जी निळी स्क्रीन नंबर मागतेय, तिच्यावर रिसेटचा किंवा सगळं पुसून नवीन विंडोज टाकायचा पर्याय दिसला तर दाबू नका, आणि घरातल्या कुणाला दाबू देऊ नका. तुमचा टॅलीचा, म्हणजे हिशोबाचा, डेटा जिथं होता तिथंच आहे. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

तुमची तक्रार अशी : मुलीच्या कॉलेजसाठी लॅपटॉपमध्ये विंडोजच्या जोडीला लिनक्स (विंडोजसारखीच मशीन चालवणारी दुसरी सिस्टीम) टाकायला दिलं. ‘अर्ध्या तासाच्या कामाला’ आम्ही तीन दिवस लावले. डी ड्राइव्हमधली १०० जीबी जागा गायब केली. आता विंडोज सुरू करताना ४८ आकड्यांचा नंबर मागतंय, म्हणजे पुन्हा पैसे उकळायला आम्ही लॉक घातलं. घड्याळ साडेपाच तास मागं पडतंय. आणि हेच काम दुसरीकडं चारशेत होतं, आम्ही बाराशे घेतले.

नंबरचं आधी, कारण खरी भीती तिथं आहे. ते लॉक आमचं नाही. त्याला बिटलॉकर म्हणतात, ते डिस्कवरचा डेटा किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करून ठेवतं, आणि विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं की ते आपोआप चालू होतं. मालकाला पत्ताही नसतो. तुम्हालाही नव्हता. काम घेताना मी ते दाखवलं आणि कायमचं काढून टाकू का म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, लॅपटॉप चोरीला गेला तर पार्ट्यांचे हिशोब बाहेर जातील, लॉक राहू दे. बरोबर होतं तुमचं. म्हणून काम झाल्यावर लॉक पुन्हा चालू केलं, त्याची नवी रिकव्हरी की, म्हणजे तोच ४८ आकड्यांचा नंबर, छापली आणि बंद पाकिटात घालून तुमच्या हातात दिली. जॉबकार्डवर ‘पाकीट मिळालं’ या ओळीपुढं तुमची सही आहे. आमच्याकडं त्या कीची प्रत नाही. आम्ही ठेवतच नाही. ग्राहकाच्या तिजोरीची किल्ली दुकानदाराकडं कशाला हवी?

आता ती की अचानक का मागितली? तुम्ही रिव्ह्यूला दोन फोटो जोडलेत. पहिल्यात निळी स्क्रीन आहे. दुसऱ्यात विंडोज की लिनक्स हे निवडायचा सुरुवातीचा काळा मेनू आहे, आणि त्यात वरच्या ओळीत ‘आर्च लिनक्स’ लिहिलंय. आम्ही उबुंटू २४.०४ टाकलं होतं, बिलावरही तेच आहे. दोन्ही लिनक्सच, पण वेगवेगळ्या जातीचे. म्हणजे लॅपटॉप घरी गेल्यानंतर कुणीतरी उबुंटू काढून त्या जागी आर्च बसवलंय. मशीन सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअरला अडवणारी सिक्युअर बूट नावाची सोय असते. ती चालू असताना आर्चचा इन्स्टॉलर सुरूच होत नाही, त्यामुळं बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ती बंद करावी लागते. आणि बिटलॉकरची राखण नेमकी तिथंच असते. मशीन सुरू होताना सगळं कालच्यासारखंच आहे का, हे तो बघतो. सिक्युअर बूट बंद दिसलं की त्याला वाटतं कुणीतरी परक्यानं हात लावलाय, आणि तो किल्ली मागतो. बिघाड झालेला नाही, लॉक त्याचं काम करतंय.

ज्यानं हे केलं त्याला किंवा तिला रागावू नका, ही माझी विनंती. आर्चला ‘पुढे, पुढे’ दाबत जायचा सोपा इन्स्टॉलर नाही. एकेक कमांड देऊन, नाहीतर त्यातल्या नुसत्या अक्षरांच्या मेनूतून, डिस्कपासून सगळं स्वतः ठरवून उभं करावं लागतं. ते करून शिवाय विंडोजची ओळ मेनूत आणली असेल, तर पोराचा हात चांगलाय. आमच्या दुकानात कामाला येणाऱ्या निम्म्या मुलांना ते एका दमात जमत नाही. फक्त सिक्युअर बूटला हात लावायच्या आधी बिटलॉकर थोडा वेळ थांबवायचं असतं, एवढं राहून गेलं.

पाकीट सापडत नसेल तर दुसरी वाट आहे. निळ्या स्क्रीनवर त्या कीची ओळख पटवणारा एक आयडी दिसतो. दुसऱ्या मोबाइलवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करा, तिथं रिकव्हरी कीच्या यादीत ज्या ओळीची सुरुवात त्या आयडीशी जुळते ती तुमची. जुनी कीही यादीत असू शकते, म्हणून जुळवूनच घ्या. खातं कुठल्या मेलवर आहे हे तुम्हाला दुकानात आठवत नव्हतं, मुलीनं शोधून दिलं होतं. तिला विचारा.

घड्याळाचं कारणही तेच. विंडोज मशीनच्या घड्याळात इथली वेळ ठेवतं, लिनक्स सहसा जागतिक वेळ ठेवतं, आणि दोन्हीत फरक साडेपाच तासांचा. उबुंटूत आम्ही ती जोडणी करून दिली होती; नव्या लिनक्सला ती कोण सांगणार? एका कमांडचं काम आहे. हिशोबाचं मशीन असल्यामुळं मात्र दुर्लक्ष करू नका, व्हाउचरवर पहाटेच्या एंट्रीला आदल्या दिवसाची तारीख पडायची.

१०० जीबीबद्दल. डिस्कची वाटणी जमिनीच्या वाटणीसारखीच असते : सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढंच, मधे बांध पडला आणि एक तुकडा दुसऱ्याच्या नावावर गेला. किती जागा द्यायची हे तुमच्यासमोर ठरलं होतं. विंडोजला लिनक्सचा तुकडा वाचता येत नाही, म्हणून तो ‘माय कॉम्प्युटर’मध्ये दिसत नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये, जिथं डिस्कचे सगळे तुकडे दिसतात, तो बिननावाचा दिसेल. तो रिकामा समजून डिलीट करू नका, एवढंच. आमच्याकडं येणाऱ्या अशा मशीनांत हे बऱ्याचदा दिसतं.

तीन दिवसांचं. व्हिडिओत अर्ध्या तासात होतं ते खरं आहे, पण त्या व्हिडिओतला लॅपटॉप कोरा असतो. तुमच्यात कित्येक वर्षांचे हिशोब होते आणि बॅकअप एकही नव्हता. आम्ही बॅकअप घेतल्याशिवाय पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या वाटणीला, हात लावत नाही, कुणी कितीही घाई केली तरी. आधी सगळा डेटा बाहेरच्या हार्डडिस्कवर, मग टॅलीची कंपनी उघडून तो बॅकअप चालतो का ते बघणं. मग बिटलॉकर काढणं. तो बंद केला की लॉक केलेली अख्खी डिस्क पुन्हा साध्या रूपात उलगडत बसते आणि ते तासांचं काम आहे. शेवटी लॉक परत चालू करून तेवढंच थांबायचं. लिनक्स टाकायला खरोखर अर्धाच तास लागला. बाराशे रुपये बाकीच्या कामाचे आहेत. चारशेत करणाऱ्यांबद्दल मी बोलणार नाही, फक्त त्यांना बॅकअप घेणार का एवढं विचारा.

विंडोज लवकर उघडायची फास्ट स्टार्टअप ही सोय आम्ही बंद केलीय, त्यामुळं विंडोज काही सेकंद उशिरा उघडतं. ते तसंच राहू द्या. ते चालू असलं की विंडोज बंद करताना पूर्ण बंद होत नाही, ड्राइव्ह अर्धवट उघडे राहतात, आणि तेवढ्यात लिनक्समधून त्यांत काही लिहिलं गेलं तर फायली खराब होतात.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळेच ‘जोडीला लिनक्स टाका’ म्हणत राजारामपुरीत आमच्या दुकानात येतात. सगळ्यांना त्याची गरज नसते. नुसत्या कमांड शिकायच्या असतील तर विंडोजच्या आतच लिनक्स चालवता येतं, डिस्कला हात न लावता. मी साहेबांनाही आधी तेच सुचवलं होतं. मुलीच्या प्रॅक्टिकलला पूर्ण लिनक्स लागणार होतं म्हणून हा मार्ग घेतला. ज्या मशीनवर धंद्याचे हिशोब आहेत तिथं हा प्रयोग नको, या मताचा मी आजही आहे. जुना लॅपटॉप घेऊन त्याच्यावर करा.

साहेब, पाकीट किंवा खात्यातली की घेऊन या. की टाकून विंडोज उघडू, संरक्षण थांबवून परत चालू करू, म्हणजे लॉक आताची अवस्था ओळखेल. आर्च ठेवायचं की उबुंटू ते मुलीला ठरवू दे. तिलाही आणा, विंडोज त्या काळ्या मेनूतून न उघडता मशीनच्या बूट मेनूतून कसं उघडायचं ते दाखवतो. कंपनीप्रमाणं एफ-१२ किंवा एफ-९ असतं. काळ्या मेनूतून उघडलं की लॉक पुन्हा की मागू शकतं. याचे पैसे नाहीत. आर्च काढून परत उबुंटू टाकायचं झालं तर मात्र नवीन काम धरू, आणि बॅकअप परत घ्यावा लागेल. चार्जर विसरू नका, आणि सकाळी लवकर या, दुपारनंतर गर्दी असते.