आठव्या दिवशी इन्सुलिन बंद करा म्हणे!

मधुमेह नव्वद दिवसांत मुळापासून बरा करणारा एक मजकूर गेली काही वर्षे व्हॉट्सॲपवर फिरत आहे. खाली कधी एखाद्या ‘अनुभवी वैद्यां’चे नाव असते, कधी चूर्णाच्या डब्याचे चित्र आणि फोन क्रमांक, मजकूर मात्र तोच. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांचे चूर्ण, मेथी, गुळवेल आणि विजयसाराच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी घ्या. आठव्या दिवसापासून गोळ्या आणि इन्सुलिन बंद करा. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने किडनी जाते. वनस्पतींचा अपाय नसतो. मधुमेह हा आजार औषध कंपन्यांनी रक्तातील साखरेची मर्यादा खाली आणून तयार केला आहे. आणि हे सारे आयुर्वेदात हजारो वर्षांपूर्वीच सांगितलेले आहे. असे मजकूर न वाचता पुसून टाकण्याची मला सवय आहे. परंतु गेल्या आठवड्यात माझ्या मावशीने तो पाठवून विचारले की, याने नातवाच्या सुया सुटतील का. नातू अकरा वर्षांचा आहे आणि त्याला टाइप १ मधुमेह आहे. तेव्हा आता उत्तर देणे भाग आहे, आणि ते मजकुराच्या क्रमाने नव्हे, तर ज्या वाक्याने जीव जाऊ शकतो तिथून.

टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. इन्सुलिन कमी पडते असे नव्हे, ते जवळजवळ तयारच होत नाही. अशा मुलाचे इन्सुलिन थांबवले, तर रक्तात साखर भरपूर असूनही पेशींना ती वापरता येत नाही. शरीर चरबी जाळू लागते, त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी होत जाते. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास ही त्याची लक्षणे. याला महिने लागत नाहीत; एक-दोन दिवसांत, कधी काही तासांतच मूल अतिदक्षता विभागात पोहोचते, आणि वेळेवर सलाइन व इन्सुलिन मिळाले नाही तर दगावते. आता मजकुरातील पुढचे वाक्य पाहा: ‘सुरुवातीला उलटी, मळमळ, थकवा आल्यास घाबरू नये, शरीरातील विष बाहेर पडत आहे.’ म्हणजे ज्या लक्षणांवर त्या क्षणी रुग्णालय गाठायचे, त्याच लक्षणांना हा मजकूर गुण येण्याची खूण ठरवतो. इतका घातक सल्ला देणाऱ्याला टाइप १ आणि टाइप २ यांतील फरक ठाऊक नसावा, किंवा ठाऊक असून त्याचे सोयरसुतक नसावे.

इन्सुलिन सर्वप्रथम टोरांटोत जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला दिले गेले. त्याआधी या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून आयुष्य थोडे लांबवणे एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. आपल्याकडे त्या काळीही कारली होती, मेथी होती, जांभळे तर रस्त्याकडेला सडा पडेपर्यंत होती. टाइप १ ची मुले तरीही वाचत नव्हती.

टाइप २ मध्ये इन्सुलिन बनते, पण ते पुरेसे काम करत नाही. अशा रुग्णाने गोळ्या सोडल्या तर असे तातडीने काही होत नाही, आणि नेमके तेच फसवे आहे. साखर दोनशेच्या वर गेली तरी पुष्कळांना काहीच जाणवत नाही. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा मात्र झिजत राहतात. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या ‘यूकेपीडीएस’ या अभ्यासात पाच हजारांहून अधिक नवे रुग्ण होते आणि त्याचे मुख्य निष्कर्ष १९९८ मध्ये आले. साखर काटेकोर आटोक्यात ठेवणाऱ्या गटात सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी कमी आढळले. वजन जास्त असलेल्या रुग्णांपैकी ज्यांना मेटफॉर्मिन दिले होते, त्यांच्यात मधुमेहाशी निगडित मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी झाले. ज्या गोळीला मजकूर विष म्हणतो, तिच्याबद्दलची ही नोंद आहे.

किडनीचा आरोप कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करून उभा आहे. मेटफॉर्मिन मूत्रपिंडावाटे जसेच्या तसे बाहेर पडते. त्यामुळे मूत्रपिंड आधीच दुबळे झाले असेल तर डॉक्टर मात्रा कमी करतात आणि फारच दुबळे झाले तर गोळी बंद करतात. ‘किडनी खराब झाली आणि गोळी बंद केली’ याचे चावडीवर ‘गोळीने किडनी खराब झाली’ असे होते. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, हे मात्र खरे आहे आणि त्याची तपासणी मागून घ्यावी. आणखी एक गोष्ट हा मजकूर लिहिणाऱ्याला बहुधा रुचणार नाही: या औषधाचे मूळ गॅलेगा नावाच्या युरोपीय वनस्पतीत सापडलेल्या द्रव्यात आहे. वनस्पतीपासून औषधापर्यंत जायचे तर मात्रा ठरवावी लागते, चाचण्या कराव्या लागतात, अपाय नोंदवावे लागतात.

वनस्पतींच्या यादीत अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. मेथीतील विद्राव्य तंतूंमुळे साखर रक्तात हळू उतरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत त्यावर बरेच काम झाले आहे. विजयसारावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९७ पैकी ६७ रुग्णांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. परंतु हे रुग्ण सौम्य मधुमेहाचे होते, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि त्यांना मोजून अर्क दिला होता, तांबूस पाण्याचा पेला नव्हे. इन्सुलिनवरच्या माणसाला त्याचा काहीच आधार नाही. कारल्याबाबत कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात चार चाचण्या आणि ४७९ रुग्ण विचारात घेतले होते. शिफारस करण्याइतका पुरावा त्यांत सापडला नाही. कारल्याची भाजी अवश्य खावी. मात्र साखर उतरवणाऱ्या गोळीसोबत रोज रस घेणार असाल, तर ते डॉक्टरांना सांगावे, कारण दोन्ही मिळून साखर नको तितकी खाली गेली, तर चक्कर येऊन पडण्याची वेळ येते.

‘अपाय नसतो’ हे तर सरळ खोटे आहे. करोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, हेही नमूद करायला हवे. तरी कावीळ झाल्यावर आपण कोणता काढा घेत होतो, हे डॉक्टरांपासून लपवू नये. भेसळीचा प्रश्न याहून गंभीर आहे. सिंगापूरमध्ये २००८ साली मधुमेह नसलेले १५० जण साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरल्याने रुग्णालयात दाखल झाले आणि त्यांपैकी ४ दगावले. कामोत्तेजक म्हणून विकल्या जाणाऱ्या बनावट गोळ्यांत आणि वनौषधींत ग्लायबेनक्लामाइड हे मधुमेहाचेच औषध मिसळलेले निघाले. एखाद्या चूर्णाने चार दिवसांत साखर झर्रकन उतरली, तर वैद्यांचे कौतुक करण्याआधी चूर्ण तपासून घ्यावे.

मर्यादा खाली आणल्याचे म्हणणे खरे आहे: १९९७ मध्ये अमेरिकन मधुमेह संघटनेने उपाशीपोटीची सीमा १४० वरून १२६ केली. डोळ्यांच्या पडद्याचे विकार कोणत्या पातळीपासून वाढू लागतात, हे त्यासाठी पाहिले होते. ज्याची साखर तीनशे आहे, त्याला दोन्ही सीमा सारख्याच.

राहिला आयुर्वेद. चरकसंहितेत प्रमेह या मूत्रविकाराचे वीस प्रकार आहेत: दहा कफज साध्य, सहा पित्तज याप्य (म्हणजे बरे न होणारे, पण आटोक्यात ठेवता येणारे) आणि चार वातज असाध्य. मधुमेह या शेवटच्या चारांत मोडतो. ज्यांच्या नावावर नव्वद दिवसांची हमी विकली जाते, त्या चरकांनी ती दिलेली नाही. टाइप २ मधुमेह काहींच्या बाबतीत औषधांविना आटोक्यात राहतो, हे ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीने २०१७ मध्ये दाखवले. वर्षाअखेरीस ४६ टक्के रुग्णांना ते साधले. पण त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहार कमी करून वजन घटवले होते, मधुमेह होऊन त्यांना फार वर्षे झालेली नव्हती आणि त्यांच्यापैकी कोणीही इन्सुलिनवर नव्हते.

मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या जादूई उपचारविरोधी कायद्याने निषिद्ध आहे. त्याच्या अनुसूचीत मधुमेहाचे नाव आहे. ज्या मजकुराखाली फोन क्रमांक आणि डब्याची किंमत असते, तो आरोग्यसल्ला नसून जाहिरातच आहे, आणि महाराष्ट्रात त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. तक्रारीसोबत क्रमांक, किंमत आणि मजकूर आल्याची तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट जोडावा.