त्या अजून मळ्यातच आहेत

गरिबीतून वर आलेल्या कुणाचंही आत्मकथन घ्या, त्यावर बोलताना दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, "किती प्रेरणादायी!" आणि दुसरं, "आजकालच्या पोरांना वाचायला द्या, म्हणजे कळेल." पहिल्याने मी नुसती वैतागते, दुसऱ्याने माझं डोकंच फिरतं. एवढं भोगून, वर ते कागदावर उतरवायचा धीर करून कुणी लिहिलं, ते काय आपल्या पोरांनी ताटात भाजी टाकू नये म्हणून?

मला या पुस्तकांत वर आलेल्या माणसापेक्षा त्याच्या घरातली बाकीची माणसंच जास्त दिसतात. कुणाची शाळा सुटली म्हणून कुणाची टिकली, भाकरी कमी पडली तेव्हा "मला भूक नाही" कोण म्हणालं, राग बाहेरचा आणि मार कुणाच्या वाट्याला आला. सत्काराच्या भाषणात "घरच्यांच्या त्यागामुळे" असं एक वाक्य येतं आणि विषय संपतो. पुस्तकात मात्र तो त्याग पानोपानी नावानिशी, तारखेनिशी पडलेला असतो. बघणाऱ्याने बघावा.

आनंद यादवांची 'झोंबी' घ्या. १९८७ साली आलेलं पुस्तक, बहुतेकांनी वाचलेलं. कागलच्या त्या पोराची शाळा बंद झालीये, कारण वडिलांना तो मळ्यात हवाय. मग पोरगा आईला घेऊन गावातल्या दत्ताजीराव देसायांकडे जातो, त्यांनी वडिलांना चार शब्द सुनवावेत म्हणून. आणि निघताना मायलेक त्यांना बजावतात, आम्ही इथे आलो होतो हे त्यांना कळू देऊ नका. हा प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहतो तो पोराच्या जिद्दीसाठी. मला तो आईचा वाटतो. हे नवऱ्याच्या कानावर गेलं असतं तर तिची काय गत झाली असती? आणि तिच्या पदरात काय पडणार होतं? मळ्यातला एक हात कमी होणार, म्हणजे तिचंच काम वाढणार. तरी ती गेली. शाळा कबूल झाली तीही अशी की सकाळी अकरापर्यंत मळ्यात राबायचं, शाळा सुटली की गुरं राखायची आणि कामाची घाई असेल त्या दिवशी शाळेचं नावही काढायचं नाही. पुढे सौंदलगेकर मास्तर भेटतात, कवितेचा नाद लागतो, म्हशीच्या पाठीवर काठीने ओळी उमटतात. ते सगळं लोभस आहेच. पण मी दरवेळी रेंगाळते ती देसायांकडून घरी परतणाऱ्या त्या बाईपाशी. दारात पाऊल टाकताना तिने चेहरा कसा ठेवला असेल?

हे पुस्तक मी माझ्या थोरल्या आत्याला वाचायला दिलं. आत्याची शाळा चौथीत सुटली. माझ्या बाबांची चालू राहावी म्हणून ती सुटली, असं आमच्या घरात कुणी म्हणत नाही. "तिला अभ्यासाची आवड नव्हती," असं म्हणतात. आवड नसलेली ही बाई ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत, रोजचा पेपर पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचते. पुस्तक वाचताना मध्येच लेखकाशी भांडतेही. अर्ध्यावर आली असेल, तिचा फोन आला.

"अगं, ह्याच्या बहिणींचं काय झालं? त्या कधी जाणार शाळेत?"

"आत्या, तू पुढे वाच की."

"वाचतेय की पुढे. त्या अजून मळ्यातच आहेत."

मला समीक्षा आवडते, भरपूर वाचते. पण एवढ्या नेमक्या जागी बोट ठेवलेलं माझ्या वाचनात फारसं नाही.

अशी पुस्तकं वाचताना लेखकाने काय गाळलं तेही बघायला लागते मी. बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकातून आलं, मग १९८६ साली पुस्तक झालं. त्याआधी कित्येक वर्षं त्या वह्या त्यांनी घरच्यांपासून लपवून ठेवल्या होत्या. दलित वस्तीतल्या बायकांचे हाल त्यांनी असे लिहिलेत की वाचताना पुस्तक मिटून बसावं लागतं. सुनांचा छळ, उपासमार, बाळंतिणीची दैना, सगळं आहे. स्वतःच्या नवऱ्याच्या हातचा मार मात्र पुस्तकात जवळपास नाहीच. तो बाहेर आला माया पंडितांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाच्या वेळी, २००८ साली, त्यांनी मुलाखतीत विचारलं तेव्हा. म्हणजे अख्ख्या समाजाची कहाणी सांगणारी ही बाई स्वतःच्या उंबऱ्याशी थांबली होती. काहींना हा लेखनाचा उणेपणा वाटतो. मला नाही वाटत. घरात राहून घराबद्दल लिहायचं असेल तर काय काय झाकावं लागतं, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

उर्मिला पवारांनी 'आयदान'मध्ये तो उंबरा ओलांडला. वडील गेल्यावर बांबूची आयदानं, म्हणजे सुपं-टोपल्या, विणून पोरं शिकवणारी आई सगळ्यांना आठवते आणि गहिवर येतो. पण त्याच पुस्तकात पुढे मुंबई आहे, सरकारी नोकरी आहे आणि बायकोच्या शिकण्याबोलण्याला आक्षेप घेणारा नवराही आहे. त्या भागावर फार कुणी गहिवरत नाही. गावची गरिबी लांबची, तिच्यावर रडायला बरं वाटतं. फ्लॅटमधला नवरा जरा जवळचा पडतो.

आणि सगळंच काही रडवणारं नसतं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचताना मी मोठ्याने हसलेय. वडिलांचं सोवळ्याचं वेड, नवऱ्याचं न सांगता घरातून निघून जाणं, मग १८९५ साली त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर कोसळलेलं आभाळ, असं सगळं असूनही बाई खुसखुशीत लिहितात. हसण्याने दुःख कमी झालं असं नाही. पण कीव करायची सोय त्यांनी वाचकाला ठेवली नाही, हे मला फार आवडतं.

घरच्यांना, आपल्या माणसांना हे लिहिणं रुचतंच असं नाही. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं तेव्हा त्यांच्याच दलित समाजातले काही शिकलेले लोक बिथरले होते, आपली लक्तरं वेशीवर का टांगता म्हणून. त्यांचंही मला अगदीच चूक वाटत नाही. नुकतं कुठे इस्त्रीचे कपडे घालून ऑफिसात बसायला लागलेल्या माणसाला जुनं उकरणं नकोसं होणारच. पण मग त्या काळातल्या माणसांचं कोण सांगणार? नरेंद्र जाधवांनी निवृत्त वडिलांनाच आठवणी लिहायला बसवलं, त्यातून 'आमचा बाप आन् आम्ही' उभं राहिलं. हे मला पटलं. ज्याचं त्याने सांगावं, आपण फार तर उतरवून घ्यावं.

म्हणून मी फोनचं रेकॉर्डिंग लावून आत्यासमोर बसले. माझ्या डोक्यात अर्थात शाळा. चौथीचा वर्ग, दप्तर, रडारड, असं सगळं मी आधीच रंगवून ठेवलेलं. आत्याने शाळा दोन वाक्यांत उडवली. "सुटली. तेव्हा सगळ्यांचीच सुटायची." आणि मग ती जे सुरू झाली ते मनीऑर्डरवर. बाबांना नोकरी लागली, पहिली मनीऑर्डर आली ती आजोबांच्या नावाने. पोस्टमन दारात उभा, आजोबांनी सही केली, पैसे मोजून कोटाच्या आतल्या खिशात ठेवले. आत्या तिथेच जोंधळे निवडत बसलेली. "किती आले ते मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. सूप खाली ठेवलं आणि पाणी आणायला गेले." हे सांगताना तिचा आवाज चढला होता. इतक्या वर्षांनी!

बाबांना मी सहज म्हणून विचारलं. ते म्हणाले, "मनीऑर्डर वडिलांच्याच नावाने करायची असते. बहिणीच्या नावाने कोण करतं?" आणि पेपर वर केला.

आता ते रेकॉर्डिंग बाबांना ऐकवायचं की नाही यावर आमच्याकडे दोन तट पडलेत. आई म्हणते, म्हातारपणी कशाला उगाच. भाऊ म्हणतो, त्यांचं बीपी बघ आधी. आत्याला विचारलं तर म्हणाली, "ऐकव. आणि मी काय म्हणाले ते नीट ऐकू येत नसेल तर पुन्हा सांगते, फोन घेऊन ये."