मी निघतो, तुम्ही चालू ठेवा

आमच्या घरी महिन्यातल्या एका शनिवारी रात्री पोकरची स्पर्धा होते. तिला वेळापत्रक आहे, लेखी नियम आहेत आणि यजमान या नात्याने ते नियम लोकांकडून पाळून घेण्याचे निष्फळ काम माझ्याकडे आहे. पैसे लावून खेळायचे नाही, हा पहिला नियम. १८८७ सालचा जुगार प्रतिबंधक कायदा अजून हयात आहे, आमच्या सोसायटीचे सचिव त्याहूनही अधिक हयात आहेत, आणि 'रोख रकमेसह मुद्देमाल जप्त' या मथळ्याखाली आमच्या इमारतीचे नाव छापून यावे अशी कोणाचीच इच्छा नाही. त्यामुळे सर्वांत आधी बाद होणाऱ्याने चहा करायचा, त्याच्यामागोमाग बाद होणाऱ्यांनी भांडी घासून खुर्च्या जागेवर लावायच्या, आणि पहिल्या तिघांनी कशालाही हात न लावता सोफ्यावरून सूचना द्यायच्या, अशी बक्षिसांची वाटणी आहे. पैशांपेक्षा हिचा धाक जास्त बसतो. पाचशे रुपये हरलेला माणूस उसने का होईना हसून दाखवतो. पावभाजीची कढई घासणारा दाखवत नाही.

या व्यवस्थेला सुरुंग लावण्याची ताकद एकाच माणसात असते. रात्री साडेदहाच्या सुमारास तो घड्याळाकडे पाहतो, खुर्ची मागे सरकवतो आणि जणू आपल्यावर उपकार करत असल्याच्या सुरात म्हणतो, "मी निघतो आता, तुम्ही चालू ठेवा."

रमीत किंवा तीन पत्तीत हे वाक्य निरुपद्रवी असते. डाव संपतो, हिशेब होतो, माणूस चपला घालतो. स्पर्धेचे तसे नाही. आम्ही आठ जण प्रत्येकी ५,००० च्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, घेऊन बसतो, म्हणजे टेबलावर एकूण ४०,००० असतात, आणि त्या सगळ्या अखेरीस एकाच खेळाडूपुढे जमा झाल्याशिवाय स्पर्धा संपत नाही. त्या चिप्सना बाहेर काडीची किंमत नसल्यामुळे निघणारा माणूस त्या घरी नेत नाही. तो त्यांची व्यवस्थित चळत रचून टेबलावर ठेवतो, आणि तिचे काय करायचे हा प्रश्न उरलेल्या सात जणांच्या गळ्यात अडकवून लिफ्टमध्ये शिरतो.

हरत आलेला माणूस उठला तर त्याचे दुःख कोणी करत नाही. आमच्याकडे मात्र उठतात ते आमचे साडूभाऊ, आणि तेही नेमके जिंकत असताना. साडेदहाला त्यांचा फोन थरथरतो, ते "हो, हो, निघालोच" असे म्हणतात, आणि ज्या आवाजात म्हणतात त्यावरून पलीकडे माझी मेहुणी आहे हे सांगावे लागत नाही. साडू असल्यामुळे त्यांना रागावून बोलण्याचीही सोय नाही, कारण मी बोललेले प्रत्येक वाक्य दोन बहिणींच्या मार्फत चोवीस तासांत माझ्याकडे व्याजासह परत येते.

पहिल्या खेपेस आम्ही त्यांच्या ९,००० च्या चिप्स सरळ डब्यात टाकायचे ठरवले. त्यावर आमचे दंतवैद्य मित्र उसळले. "यातले चार हजार दहा मिनिटांपूर्वी माझे होते," ते म्हणाले, "ते परत जिंकण्याची संधी मला मिळायला नको का?" मुद्दा बिनतोड होता. हरलेल्या चिप्स समोरच्याच्या हातात तरी दिसत असतात; डब्यात गेलेल्या चिप्स म्हणजे वसुलीची आशाच संपली.

पुढच्या खेपेस समान वाटप करून पाहिले. ९,००० ला सातने भागले आणि आमची सर्वांत लहान चिप २५ ची असल्यामुळे प्रत्येकी १,२७५ देऊन वर ७५ उरले. त्या ७५ वर जी चर्चा झाली ती इथे देत नाही. खरा घोटाळा वेगळाच होता. तिसऱ्या मजल्यावरचे काका त्या वेळी ३०० चिप्सवर तग धरून, डोळे अर्धे मिटून चहा करायला उठण्याच्या तयारीत होते. या वाटपाने ते काहीही न करता १,५७५ चे, म्हणजे सव्वापाच पटीचे धनी झाले, खडबडून जागे झाले आणि पुढच्या तासाभरात त्यांनी मला बाद केले. त्या रात्रीचा चहा मी केला.

मग कोणीतरी सुचवले की निघणाऱ्याने जाण्यापूर्वी सगळ्या चिप्स एका डावात लावून मोकळे व्हावे. साडूभाऊंनी अत्यंत सहकार्याच्या भावनेने पत्ते उचलूनही न पाहता 'ऑल-इन' म्हटले. एवढे आयते घबाड सोडायचे कोणी? दोघे जण हावरेपणाने पुढे सरसावले, आणि शेवटच्या पानावर किल्वरची दुर्री येऊन साडूभाऊ जिंकले. फोन पुन्हा थरथरला. ते दारात उभे, एका पायात चप्पल, आणि टेबलावर त्यांची चळत पहिल्यापेक्षा दुप्पट.

शेवटी अधिकृत नियमाला शरण जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही. मोठ्या स्पर्धांमध्ये खेळाडू जागेवर नसला तरी त्याच्या खुर्चीपुढे पत्ते वाटतात, ते बाद करतात, आणि त्याच्या पाळीचे ब्लाइंड, म्हणजे दर डावाला शेजारशेजारच्या दोघांनी, एकाने छोटी आणि पुढच्याने मोठी, अशी पत्ते पाहण्याआधीच मध्ये टाकायची सक्तीची रक्कम, त्याच्या चिप्समधून कापून घेतात. मला हा नियम पाहताक्षणी आवडला, कारण त्याला अस्सल सरकारी चव आहे: माणूस हजर असो वा नसो, कपात थांबत नाही. याच नियमाची कमाल १९९० साली लास व्हेगासमध्ये दिसली होती. जागतिक पोकर मालिकेच्या मुख्य स्पर्धेत स्टू अंगर हा अमेरिकन खेळाडू जबरदस्त आघाडीवर असताना तिसऱ्या दिवशी अमली पदार्थांच्या अतिसेवनामुळे हॉटेलच्या खोलीत बेशुद्ध सापडला. टेबलावर त्याच्या चिप्समधून ब्लाइंड कापले जात राहिले, त्याच्याहून शुद्धीत असलेले लोक त्याच्याआधी बाद होत राहिले, आणि त्या रिकाम्या खुर्चीने नववा क्रमांक मिळवून हजारो डॉलर कमावले.

हा किस्सा मला आधीपासून ठाऊक होता. आपल्या बैठकीच्या खोलीत त्याचा पुढचा प्रयोग लागेल, हे मात्र ठाऊक नव्हते.

रिकामी खुर्ची टेबलावर आली की खेळाचा स्वभावच बदलतो. ज्याच्या डाव्या हाताला ती खुर्ची असते त्याची चंगळ होते. खुर्चीवर मोठा ब्लाइंड आला की त्याच्याकडे छोटा असतो, आणि बाकीच्यांनी पत्ते टाकले तर त्याच्या हातात सत्ती-दुर्री असली तरी तो जिंकलेलाच असतो, कारण खुर्ची काही बोलत नाही. त्या रात्री ही जागा दंतवैद्यांना मिळाली होती. त्यांनी दर फेरीला साडूभाऊंच्या चिप्स अशा हळुवारपणे उपटायला सुरुवात केली की तिकडे घरी झोपलेल्या साडूभाऊंना कळही लागू नये. हे बघून बाकीच्यांच्याही तोंडाला पाणी सुटले. खुर्चीचा ब्लाइंड लुटण्याच्या शर्यतीत माणसे भिकार पत्त्यांवर एकमेकांशी भिडू लागली आणि एकामागून एक बाद झाली. खुर्ची मात्र कोणाच्या चिथावणीला बळी पडली नाही, तिने एकही थाप मारली नाही, रागाच्या भरात एकही डाव खेळला नाही, आणि बाराच्या सुमारास ती तिसरी आली. आमच्या मंडळात एवढा संयमी खेळाडू मी दुसरा पाहिलेला नाही.

सकाळी सातला साडूभाऊंचा संदेश आला: "कितवा आलो?" मी खरे ते कळवले. त्यावर त्यांनी अंगठा पाठवला, आणि दुपारी मेहुणीकडून माझ्या पत्नीकडे असा निरोप आला की 'हे' तिसरे आल्याबद्दल सोफ्यावर बसायचे राहिले आहे, तरी ती सवलत पुढच्या महिन्यात जमा धरावी.

त्यानंतर मी बैठक घेतली. डाव सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपली उठण्याची वेळ जाहीर करावी, असा प्रस्ताव मी मांडला, तेव्हा आठांपैकी सात जणांनी साडेदहा सांगितले. आठवा मी, आणि मला जायला जागा नव्हती. तेव्हा लोकांना सुधारण्याचा नाद सोडून मी घड्याळच सुधारले: ब्लाइंड दर वीस मिनिटांऐवजी दर दहा मिनिटांनी वाढवायचे, म्हणजे चिप्स भराभर संपतात आणि साडेदहापूर्वी निकाल लागतो.

योजना पहिल्याच रात्री तडीस गेली. सव्वादहाला स्पर्धा संपली, चहा झाला, भांडी घासून झाली, फोनही ठरल्या वेळी थरथरला. साडूभाऊंनी तो पालथा घालून ठेवला, जमा असलेल्या सवलतीवर सोफ्यावर पाय पसरले, आणि साडेबाराला, मी दिवाणखान्यातला एक दिवा सूचकपणे मालवल्यावर, ते पत्ते पिसणाऱ्या काकांकडे वळून म्हणाले, "एवढ्या लवकर कोणाला जायचंय? एक छोटीशी स्पर्धा अजून होऊन जाऊ दे. आणि या वेळी ब्लाइंड वीस मिनिटांचेच ठेवा, घाईघाईत मजा येत नाही."