पाच तासांचे १६ हजार? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कार्यक्रमाच्या फोटोंचे दर कसे ठरवावेत, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झोडपलंय. सकाळी ७ ते १२ च्या मुंजीला १६ हजार ही लूट आहे, पैसे तासावर घ्यावेत, तुमचा भाचा तसल्याच कॅमेऱ्याने ६ हजारांत काम करतो, आणि फोटो तुमचे असताना रॉ फाईल्सचे (म्हणजे कॅमेऱ्यातल्या, एडिट न केलेल्या मूळ फाईल्सचे) वेगळे पैसे मागायचा फोटोग्राफरला अधिकारच काय? शेवटच्या मुद्द्यात दम आहे. त्याकडे येतोच.

आधी तासांचं बघू. मुंजी होतात उत्तरायणात, त्यातही शाळांना सुट्टी लागली की एप्रिल-मेच्या रविवारी. लग्नांचीही तीच धांदल. तुमच्याकडून मी १२ वाजता मोकळा झालो तरी त्या दिवशीचं लग्न केव्हाच दुसऱ्याकडे गेलेलं असतं. संध्याकाळचं रिसेप्शन मिळालं तर घेतो, नाही म्हणत नाही; पण ते मिळेलच असं धरून तुम्हाला दर कसा सांगू?

आणि असे दिवस असतात किती? आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्तांचा दुष्काळ, पुढे पौषात पुन्हा शुकशुकाट. बारशी, साठीशांती, कंपन्यांचे कार्यक्रम धरून एकट्या माणसाला वर्षात ५० दिवस काम मिळतं असं समजा. घरखर्च महिना ४० हजार, म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार. कॅमेऱ्याच्या दोन बॉडी, लेन्स, फ्लॅश, कॉम्प्युटर असा ६ लाखांचा संच चार वर्षं चालला तर वर्षाला दीड लाख. सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, विमा, दुरुस्ती, पेट्रोल यांचे आणखी दीड लाख. बेरीज ७ लाख ८० हजार, भागिले ५०. आले १५ हजार ६००. बाजारात काय चाललंय ते बघून हा आकडा मी काढलेला नाही. तुमच्याकडे घरखर्च २५ हजारांत भागत असेल, तर याच हिशेबाने तिथला दर १२ हजारांवर येईल आणि तो रास्तच असेल.

‘नुसतं बटण दाबायचं’ असंही तुम्ही म्हणता. निकॉन डी ७५० या कॅमेऱ्याच्या शटरची, म्हणजे प्रत्येक फोटोला उघडझाप करणाऱ्या पडद्याची, चाचणी कंपनीने १,५०,००० क्लिकपर्यंत केलेली आहे. एका मुंजीला दीड हजार क्लिक सहज होतात, म्हणजे शंभरेक कार्यक्रमांत तो आकडा गाठला. बटणालाही पैसे पडतात ते असे. आणि क्लिक संपले की निवड आणि एडिटिंग सुरू होतं. ते तुमच्या पाच तासांत धरलेलंच नाही.

भाचा नोकरी सांभाळून हे करत असेल तर त्याला ६ हजार परवडतात, खुशाल करू दे. फक्त त्याला विचारा, कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरवतो का? मातृभोजनाचा घास कार्ड बिघडलं म्हणून पुन्हा भरवता येत नाही.

आता हक्कांचं. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १७ सांगतं की पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काम देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. अमेरिकेत साधारण उलट आहे. तिथले व्हिडिओ बघून आपल्याकडची काही मंडळी घरगुती कार्यक्रमालाही ‘वापराचं लायसन्स’ लावतात, ते मलाही पटत नाही. उलट तुमच्या मुलाचा फोटो माझ्या पेजवर टाकायचा तर मीच तुम्हाला विचारायला हवं.

पण मालकी तुमची म्हणून प्रत्येक रॉ फाईल जपून ठेवणं, डिस्कवर भरून देणं हे फुकट होत नाही. दरात काय येतं ते आधी लिहून घ्यावं लागतं. रॉ हव्या असतील तर अ‍ॅडव्हान्स देतानाच सांगा. अल्बम दिल्यानंतर तीन महिन्यांनी मी डिस्क मोकळी करतो.