खोती, चरी आणि ऑक्सफर्डचा हार्ट

लॉ कॉलेजात ज्युरिस्प्रूडन्सच्या (कायद्याच्या तत्त्वज्ञानाच्या) पेपरपुरता रटायचा आणि पेपर झाला की विसरायचा, असा माणूस म्हणजे ऑक्सफर्डचा कायद्याचा तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट. कायदा काय आहे आणि काय असायला हवा, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा म्हणणारा. म्हणून ‘कोरडा’ असा शिक्का बसलेला. मला तो शिक्का पटत नाही, आणि त्याचं कारण आमच्या अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात आहे.

१९५८ साली ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’त हार्ट आणि अमेरिकन कायदेपंडित लॉन फुलर यांची जुंपली. विषय होता नाझी काळात नवऱ्याची चुगली करून त्याला शिक्षेला धाडणाऱ्या बाईचा. ती म्हणे, तेव्हाच्या कायद्यानेच वागले. मग युद्धानंतर ‘तो कायदाच नव्हता’ म्हणून मोकळं व्हायचं? हार्ट म्हणतो, नको. कायदा होता आणि अमानुष होता. शिक्षा करायचीच तर मागच्या तारखेपासून लागू होणारा नवा कायदा उघडपणे करा. त्यातही वाईटपणा आहे, तो झाकू नका.

आता खोती बघा. खोत म्हणजे कोकणात कुळांकडून वसुली करून सरकारचा सारा भरणारा वतनदार. १८८० मध्ये इंग्रजांनी रत्नागिरीच्या खोतीला रीतसर कायद्यात बसवलं. वेठबिगारीनं कुळाची पाठ मोडायची, पण कागद खोताच्या बाजूचे. ‘असला कायदा कायदाच नव्हे’ असं म्हणणं ऐकायला गोड, पण त्याने कोर्टात एक दावा सुटत नाही. बॅरिस्टर आंबेडकरांना हे पक्कं ठाऊक होतं. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. (त्यांना हार्टच्या पंगतीत बसवायचा माझा इरादा नाही, नीतीबद्दल ते कितीतरी जास्त बोलले.) प्रत्यक्षात खोती रद्द करणारा कायदा आला १९४९ ला.

तोवर कुळांनी काय करायचं? ‘कायदा आहे’ म्हटलं म्हणजे ‘पाळलाच पाहिजे’ असं होत नाही, हे हार्टही सांगतो. कायदा इतका अन्यायी आहे की मी पाळणार नाही, असं म्हणायची वाट तो मोकळी ठेवतो. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली तेच केलं. जवळजवळ सहा वर्षं खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला.

माझी तक्रार इथेच आहे. हार्ट हा निर्णय एकेकट्याच्या विवेकावर सोडतो. चरीत एकट्याने खंड (जमीन कसण्याबद्दल खोताला द्यायचा वाटा) नाकारला असता, तर खोताने तीच जमीन शेजारच्या कुळाला लावली असती. शेजाऱ्यानेही ‘नाही’ म्हणावं लागतं, आणि ते कसं जमवायचं याबद्दल ऑक्सफर्ड गप्प आहे.